वारं जाण्याआधी : डॉ. रुस्तम वकील आणि सर्पगंधाची मुळी

अंबड, घनसावंगी, मंठा भागात कुणाचा एक हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, की अंगावरून वारं गेलं असं म्हणतात. शब्द नेमका आहे, कारण घडतं ते खरोखर वाऱ्यासारखंच. रात्री जेवून झोपलेला धडधाकट माणूस सकाळी उठू शकत नाही. पण या शब्दात एक फसवणूकही आहे. वारं बाहेरून येतं आणि त्याला कुणी अडवू शकत नाही. पक्षाघात मात्र बहुतेक वेळा आतून, दहा-पंधरा वर्षं गाजावाजा न करता तयार होत असतो आणि त्यामागचं सर्वांत मोठं कारण असतं वाढलेला रक्तदाब. तो मोजता येतो आणि उतरवताही येतो. आज ही गोष्ट सातवीतल्या मुलालाही ठाऊक असते. पण पंच्याहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी तो उतरवता येतो, हे जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही पटलेलं नव्हतं. त्यांना ते पटवून देणाऱ्यांत मुंबईतले एक पारशी डॉक्टर होते. त्यांचं नाव रुस्तम जाल वकील.

त्यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी मुंबईत झाला. योगायोग असा की त्याच वर्षी एबरहार्ट फ्रँक या जर्मन डॉक्टरने, कोणतंही उघड कारण न सापडता वाढणाऱ्या रक्तदाबाला पहिल्यांदा वेगळं नाव दिलं. रक्तदाब मोजण्याची आजची रीत तेव्हा नवीच होती. दंडाला पट्टा बांधायचा, हवा भरून नाडी दाबायची आणि हवा सोडत स्टेथोस्कोपने ठोके ऐकायचे, ही युक्ती रशियन शल्यचिकित्सक कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली होती. म्हणजे वकील यांच्या बालपणी वैद्यकाला हा आकडा कळू लागला होता, पण आकडा कळल्यावर करायचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

वकील वैद्यक शिकायला लंडनला गेले, तिथल्या वरच्या परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईला परतले. तिथेच राहून नाव कमावणं त्यांना अवघड नव्हतं. परत आल्यावर ते परळच्या केईएम रुग्णालयात हृदयरोगाचे डॉक्टर म्हणून काम करू लागले. १९२६ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयाची आणि त्याला जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजची एक वेगळी ओळख होती. देणगीदारांनी अशी अटच घातली होती की इथले शिक्षक-डॉक्टर भारतीय असतील. इंग्रजांच्या राज्यात ही साधी अट नव्हती. रुग्णालय गिरणगावात होतं. कापड गिरण्यांतले कामगार, हमाल, फेरीवाले, कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी मुंबईत आलेली माणसं तिथल्या बाकांवर येऊन बसत.

तेव्हा एक समज पक्का होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. रक्तदाब हा श्रीमंतांचा, बसून खाणाऱ्यांचा, चिंता करणाऱ्या साहेबलोकांचा आजार. गरिबाला जंत, हिवताप, क्षय व्हायचा. बीपी त्याच्या वाट्याचं नाही. परळसारख्या ठिकाणी बसून हृदयरोग पाहणाऱ्या डॉक्टरला या समजावर विसंबून चालण्यासारखं नव्हतं. वकील यांच्या पिढीतल्या डॉक्टरांनी हिंदुस्थानातल्या हृदयविकारांची नीट मोजदाद सुरू केली, हेच मुळात मोठं काम होतं.

आता त्या काळी उपचार काय होते ते पाहू. उदाहरण साक्षात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञांनी तपासलं तेव्हा त्यांचा रक्तदाब १८६/१०८ होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला डॉक्टर देऊ शकले ते एवढंच: विश्रांती, कमी मीठ, कमी सिगारेटी आणि हृदयाला बळ देणारं एक जुनं औषध. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा आकडा ३००/१९० च्या घरात होता. कित्येक नामांकित डॉक्टरांचं मत असं होतं की अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलायला शरीरच दाब वाढवतं, तेव्हा तो उतरवायला जाऊ नये. जे उतरवू पाहत, ते पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंची गाठच कापून काढत. नाहीतर रुग्णाला महिनोन्‌महिने बिनमिठाच्या भातावर आणि फळांवर ठेवत. भातावर राहणं अमेरिकन रुग्णांना फार जड जाई. आपल्याकडच्या माणसाला भात चालला असता, पण लोणचं-पापड-ठेच्याशिवाय त्याचं कसं भागलं असतं, कोण जाणे!

या सगळ्या काळात एक मुळी मात्र इथे होती. सर्पगंधा. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीच्या ओलसर सावलीपर्यंत वाढणारं, गुडघा-मांडीएवढं झुडूप. पांढरी-गुलाबी फुलं, पिकल्यावर काळी होणारी फळं आणि जमिनीत वेडीवाकडी जाणारी कडवट मुळी. साप-विंचू चावल्यावर, ताप आल्यावर, झोप येत नसली तर ती देत. बिहार-बंगालात वेडावर हमखास वापरत, म्हणून तिचं नावच वेडाचं औषध असं पडलं होतं. तिचं शास्त्रीय नाव राउवोल्फिया सर्पेंटिना. त्यातलं राउवोल्फ हे सोळाव्या शतकातल्या एका जर्मन वैद्याचं नाव. त्या बिचाऱ्याने ही वनस्पती कधी पाहिलीही नव्हती. पुढच्या एका फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने केवळ आदर म्हणून त्याचं नाव दिलं.

मुळी रक्तदाब उतरवते, हे वकील यांनी शोधलं नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण आपल्याकडे थोरांची चरित्रं लिहिताना आधीच्यांचं श्रेय गिळून टाकायची खोड आहे. कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच छापलं होतं की हे औषध वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालतं. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी आणि रफत हुसैन सिद्दीकी मुळीतले क्षार एकेक करून वेगळे काढत होते. त्यातल्या एकाला त्यांनी हकीम अजमल खानांच्या नावावरून अजमलीन म्हटलं. कोलकात्यातच कर्नल रामनाथ चोप्रा यांनी प्राण्यांवर प्रयोग करून पाहिले. हिमालया कंपनीने १९३४ मध्ये मुळीच्या गोळ्या सर्पिना या नावाने बाजारात आणल्या. म्हणजे औषध होतं, ते वापरणारे डॉक्टर होते आणि गुण आलेले रुग्णही होते. पण बाहेरच्या जगाला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. आणि खरं तर आपल्यालाही ते ठामपणे माहीत नव्हतं. गुण आला म्हणणं वेगळं, आणि किती जणांना, किती उतार पडला, किती दिवसांनी पडला, औषध थांबवल्यावर काय झालं, हे वहीत लिहून ठेवणं वेगळं.

वकील यांनी ही वही ठेवली. मुळीचा वापर त्यांनी अनेक वर्षं केला, आणि मग कोणतंही दुसरं कारण न सापडलेल्या उच्च रक्तदाबाचे ५० रुग्ण घेऊन त्यांच्यावरचा परिणाम काटेकोरपणे नोंदवला. औषधाआधीचा दाब, औषध चालू असतानाचा दाब, औषध बंद केल्यानंतरचा दाब. रक्तदाब हा लहरी आकडा आहे. डॉक्टरच्या पांढऱ्या कोटाला पाहून तो चढतो, दोन-चार भेटींत ओळख झाली की आपोआप थोडा उतरतो. एकदाच मोजून औषध दिलं आणि पुढच्या खेपेला कमी भरला, तर श्रेय मुळीचं की सवयीचं, हे कळायला मार्ग नाही. म्हणून पुन्हा पुन्हा मोजायचं. या कामात चमकदार असं काहीच नाही. पट्टा बांधा, पारा चढवा, कान लावा, लिहा. पुढचा रुग्ण. पुन्हा तेच.

त्यांचा निबंध १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. लेखक तेव्हा अडतीस वर्षांचे होते. बहुतेक रुग्णांचा दाब उतरला होता. तो हळूहळू, काही आठवड्यांनी उतरत होता आणि औषध थांबवल्यावरही उतार काही काळ टिकत होता. त्रास झाला तो सोसण्याजोगा होता. आजच्या कसोटीवर पाहिलं तर या प्रयोगात उणीव आहे: चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे आणि एकाला खोटी गोळी द्यायची, ही रीत तेव्हा नुकती कुठे रुजत होती, आणि वकील यांच्या अभ्यासात तसा तुलनेचा गट नव्हता. तरीही त्या काळात रक्तदाबाच्या तोंडी औषधाविषयी इतकं नेटकं लिहिलेलं फारसं काही उपलब्ध नव्हतं. आणि ते छापलं गेलं होतं अशा जागी, जिथे जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ वाचतात. माझ्या मते वकील यांचं श्रेय या दोन गोष्टींत आहे.

१९४९ चं हे साल आपल्या बाजूने पाहिलं तर? हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन फार काळ झाला नव्हता. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडायचा होता. मुंबईला जायचं तर छोट्या रुळांच्या गाडीने मनमाडला जाऊन तिथे गाडी बदलायची. भोकरदनच्या एखाद्या शेतकऱ्याचा रक्तदाब कुणी मोजलाच नसता. परळमध्ये औषध सिद्ध होत होतं, त्याच वेळी इथे लोकांच्या अंगावरून वारं जात होतं. मधलं अंतर मैलांत फार नव्हतं.

निबंध सातासमुद्रापार पोचला. बोस्टनमध्ये रक्तदाबाचा खास दवाखाना चालवणारे रॉबर्ट विल्किन्स यांनी हिंदुस्थानातून ही मुळी मागवली, आपल्या रुग्णांना दिली आणि गुण येतो असं १९५०च्या दशकाच्या आरंभी जाहीर केलं. स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथे सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये मुळीतला मुख्य घटक वेगळा काढला; त्याचं नाव रिसर्पिन. लवकरच सर्पासिल नावाने गोळी बाजारात आली. न्यूयॉर्कमध्ये नेथन क्लाइन यांनी हेच औषध मनोरुग्णांना दिलं. कोंडून, बांधून ठेवलेले रुग्ण शांत होऊ लागले. बिहारमधल्या बायाबापड्यांनी मुळीला दिलेलं नाव अमेरिकेच्या मनोरुग्णालयात खरं ठरलं. १९५६ मध्ये रॉबर्ट वुडवर्ड यांनी हा गुंतागुंतीचा रेणू प्रयोगशाळेत पहिल्यापासून रचून दाखवला.

१९५७ चा लास्कर पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा क्लाइन यांच्यासोबत मुंबईच्या डॉ. वकील यांचंही नाव होतं. अमेरिकेत नोबेलच्या खालोखाल मानला जाणारा हा वैद्यकातला सन्मान. वकील तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते. गंमत पाहा: ज्यांनी वकील यांच्या निबंधानंतर मुळी मागवली, त्या विल्किन्स यांना लास्कर मिळाला तो त्यांच्यानंतर, १९५८ मध्ये. त्याच १९५८ मध्ये भारत सरकारने वकील यांना पद्मभूषण दिलं. १९६५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कारही मिळाला.

रिसर्पिन काम कसं करतं, हे थोडक्यात सांगतो, म्हणजे त्याचा गुण आणि अवगुण दोन्ही लक्षात येतील. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी रसायनांची बारीक बारीक कोठारं असतात. मेंदूकडून हुकूम आला की कोठार उघडतं, नॉरॲड्रिनलीन बाहेर पडतं, रक्तवाहिन्या आवळतात, दाब वाढतो. रिसर्पिन या कोठारात माल भरूच देत नाही. आधीचा साठा संपत जातो आणि हुकूम आला तरी पाठवायला काही उरत नाही. साठा संपायला वेळ लागतो म्हणून परिणाम उशिरा दिसतो. पुन्हा भरायला वेळ लागतो म्हणून औषध थांबवल्यावरही उतार टिकतो. वकील यांनी वहीत जे नोंदवलं होतं, त्याचं कारण पुढे हे निघालं. पण तीच कोठारं मेंदूतही असतात. तिथला साठा घटला की काहींना मरगळ येते, मन खिन्न होतं. नाक चोंदणं, नाडी मंदावणं हे त्रासही होतात. मोठा डोस दिला की हे जास्त. नंतरच्या काळात अगदी लहान डोस वापरात आला तेव्हा ते बरेच कमी झाले.

इथे एक सूचना करणं भाग आहे. हे वाचून कुणी काष्ठौषधीच्या दुकानात सर्पगंधाची पूड मागायला जाऊ नये. मुळीत औषध किती असेल, हे जागेनुसार, झाडाच्या वयानुसार बदलतं. चमचाभर पुडीत काय गेलं ते समजत नाही. मुळ्या उपटून उपटून रानातली सर्पगंधा दुर्मीळही झाली आहे आणि तिच्या जागतिक व्यापारावर निर्बंध आहेत. आज तिच्याहून सौम्य आणि खात्रीची औषधं स्वस्तात मिळतात.

आता ज्या प्रश्नाने मला हा लेख लिहायला लावलं, तिकडे वळतो. रक्तदाब उतरवता येतो हे वकील आणि त्यांच्यासारख्यांनी दाखवलं. पण उतरवल्याने वारं जाणं टळतं का? हे सिद्ध व्हायला १९६७ साल उजाडलं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांनी १४३ पुरुष निवडले. त्यांचा खालचा रक्तदाब ११५ ते १२९ होता. ७३ जणांना औषधं दिली, ७० जणांना तशाच दिसणाऱ्या खोट्या गोळ्या. सरासरी दीड-पावणेदोन वर्षांतच खोट्या गोळ्या घेणाऱ्यांतल्या २७ जणांवर गंभीर संकट कोसळलं. औषध घेणाऱ्यांत ते फक्त दोघांवर आलं. १९७० मध्ये, त्यांच्याहून कमी दाब असलेल्या ३८० पुरुषांमध्येही फायदा दिसला, विशेषतः पक्षाघात पुष्कळ टळले. फ्राइस यांनी दिलेल्या तीन औषधांमध्ये एक रिसर्पिन होतं. परळच्या वहीतली मुळी, गोळीचं रूप घेऊन, या निकालात हजर होती.

वकील यांना हा निकाल पाहायला मिळाला. तोवर ते देशातल्या आधुनिक हृदयरोगशास्त्राचे जनक म्हणून ओळखले जाऊ लागले होते. पण माझ्यासारख्या जिल्ह्याच्या गावी काम करणाऱ्या डॉक्टरला ते पुरस्कारांपेक्षा पुस्तकांतून जास्त भेटले. अस्पी गोलवाला यांच्यासोबत त्यांनी रोगनिदानावर लिहिलेलं पुस्तक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी घोकलं. रुग्णाला बोलतं कसं करायचं, नाडी कशी धरायची, हृदयाचा कोणता आवाज कुठे ऐकायचा, हे त्यात होतं. म्हणजे जिथे यंत्रं नाहीत तिथे उपयोगी पडणारं सगळं. १९६९ मध्ये भारतीय डॉक्टरांच्या संघटनेने वैद्यकाचा पहिला मोठा ग्रंथ काढला तो त्यांच्याच संपादनाखाली. तोवर आपली मुलं इंग्रजांच्या पुस्तकांतून विलायतेतल्या रोग्यांची वर्णनं पाठ करून हिवतापाचे रोगी तपासत होती. या ग्रंथात इथले आजार इथल्या डॉक्टरांनी लिहिले. त्याच्या नव्या आवृत्त्या अजून निघतात.

शेवटचं वर्ष मात्र चमत्कारिक गेलं. सप्टेंबर १९७४ मध्ये लॅन्सेट या विख्यात नियतकालिकात बोस्टनहून आलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला: रिसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसतं. जगभर घबराट उडाली, डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. पुढच्या अभ्यासांत हा संबंध टिकला नाही. पण ते नंतर. वकील नोव्हेंबर १९७४ मध्ये, त्रेसष्टाव्या वर्षी गेले. म्हणजे त्यांच्या मुळीवर संशयाचं सावट असतानाच. एकदा गेलेला विश्वास परतायला फार वेळ लागतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वृद्धांच्या रक्तदाबावरच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासातही गरजेप्रमाणे रिसर्पिन वापरलेलं होतं, आणि पक्षाघात सुमारे एक तृतीयांशाने घटले. तरीही दुकानांतून ते हळूहळू नाहीसं झालं. त्याला कारण केवळ ती भीती नव्हती. नवी औषधं आली होती आणि जुन्या, स्वस्त गोळीची जाहिरात करण्यात कुणाचाच फायदा नव्हता.

आज चित्र उलटं आहे. औषधं पुष्कळ आहेत, स्वस्त आहेत. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन ही नावं तर किराणा दुकानदारालाही ठाऊक असतात. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १२८ कोटी माणसांना उच्च रक्तदाब होता. त्यातली दोन तृतीयांश गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. जवळजवळ निम्म्यांना आपल्याला तो आहे हेच माहीत नाही आणि पाचांपैकी जेमतेम एकाचा काबूत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत, २०२३ मध्ये आलेल्या आकड्यांनुसार, आपल्याकडे प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आढळला. श्रीमंतांचा आजार म्हणायची सोय राहिलेली नाही.

आमच्याकडे अडतं कुठे, ते रोज दिसतं. पहिलं म्हणजे काही दुखत नाही. डोकं दुखलं तर बीपी, नाही दुखलं तर बीपी नाही, असा हिशेब असतो. तो साफ चुकीचा आहे. १८० दाब घेऊन माणूस मोसंबीच्या बागेत दिवसभर राबत असतो आणि त्याला काहीच जाणवत नाही. दुसरं म्हणजे गोळी लागली की सुटत नाही, ही भीती. गोळीची सवय लागत नसते. आजार सुटत नाही म्हणून गोळी सुटत नाही. चश्मा लागला म्हणून कुणी चश्म्याला दोष देत नाही. तिसरं, आकडा उतरला की बरं झालो समजून गोळी बंद. गोळी चालू आहे म्हणून तो उतरलेला असतो.

आणि चौथं कारण पुस्तकात सापडत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या गाड्या लागतात. उचल आधीच खर्च झालेली असते. जालना, बीड, परभणीकडचे कोयते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात आणि परततात ते मार्च-एप्रिलमध्ये. गावात आशाताईने शोधून काढलेली, आरोग्य उपकेंद्रात गोळी सुरू झालेली चाळीस-पंचेचाळिशीची बाई महिन्याभराच्या गोळ्या बांधून घेते. त्या संपल्या की कारखान्याजवळच्या कोपीत पहाटे चारला उठून फडात जाणारी ती बाई पुढच्या गोळ्या आणणार कुठून? एक दिवस दवाखान्यात गेला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. पाच महिने गोळी नाही. वर तंबाखू, वर खारट कालवण आणि भाकरी. अशांपैकी कुणाच्या अंगावरून फडातच वारं जातं.

हा प्रश्न सुटण्यासारखा नाही, असं मात्र नाही. २०१७च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. त्याची रीत वकील यांना ओळखीची वाटली असती. ठरलेली मोजकी औषधं, ठरलेला क्रम, प्रत्येक रुग्णाची नोंद, दर भेटीला दाब लिहायचा आणि न आलेल्याला शोधून काढायचं. त्यांनी ५० जणांसाठी ठेवली तशी वही लाखोंसाठी ठेवायची.

तोवर आपल्या हातात असलेलं सांगतो. तिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा तरी दाब मोजून घ्या. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याला पैसे पडत नाहीत. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, दंड उघडा, हात टेबलावर टेकलेला. बोलू नका. एका आकड्यावर निकाल नको; दोनदा मोजा, वेगवेगळ्या दिवशी मोजा. पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून वर भरत असेल तर गोळीचा विचार करायला हवा. मीठ दिवसाला सगळं मिळून चहाच्या एका चमच्याच्या आत ठेवायचं असतं. त्यात ताटात वाढलेलं लोणचं, पापड, ठेचा आणि शेवही धरायची.

आणि ऊसतोडीला निघणाऱ्यांनी घटस्थापनेच्या आधीच उपकेंद्रात जाऊन परगावी निघाल्याचं सांगावं. जास्त दिवसांच्या गोळ्या मागाव्यात. किती मिळतात ते साठ्यावर अवलंबून असतं, पण न मागता मिळत नाहीत, हे नक्की. औषधांची नावं, डोस आणि शेवटचे दोन-तीन आकडे लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशन कार्डासोबत ठेवावा. कारखान्याच्या गावातल्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात तो दाखवला की डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, मग रुग्ण कोणत्याही जिल्ह्यातला असो.